क्लच कुणाच्या पायाखाली

४ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार. फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो आणि मग दोघंही एकदमच ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो, म्हणून हे पत्र. पत्रात निदान कुणी मधेच तोडत नाही.

आमची मुलगी, म्हणजे तुमची सून, परवा सांगत होती की तुमच्या जुन्या ट्रॅक्टरने अखेर मान टाकली आणि त्याचा ड्रायव्हरही म्हातारपणाला मुलीकडे निघून गेला. आता संत्र्याच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घ्यायचा ठरतंय, इथपर्यंत उत्तम. पण तुमच्या मनात तो हायड्रोस्टॅटिक भरलाय, हे ऐकून मी हातातला कप खाली ठेवला.

उभा जन्म ट्रॅक्टरच्या पोटात हात घालण्यात गेला माझा. वर्कशॉप चालवलं, शाळेत जाऊन नाही शिकलो, पण गिअरबॉक्स डोळे मिटून उघडू शकतो. तेव्हा चार शब्द ऐका. गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये दातात दात अडकतो आणि इंजिनचा जोर सरळ चाकाला जातो. तुमच्या त्या हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिन तेलाला ढकलतं आणि तेल चाकाला ढकलतं. म्हणजे घरातल्या घरात निरोप द्यायला शेजारीण बोलावण्यासारखं. निरोप पोचतो, पण थोडा शेजारणीच्या पोटात राहतोच. तसा थोडा जोर तेलातच तापून वाया जातो. वर डिझेल जास्त, किंमत जास्त, आणि बिघडलाच तर कंपनीचा माणूस येईपर्यंत बागेत पुतळ्यासारखा उभा.

गिअरचा घ्या. जावईबापूंना चालवायला मर्दानी आणि टिकायला दणकट. दुसरा विचार मनात आणू नका.

तुमच्या मुलीचा बाप म्हणून नव्हे, एक जाणकार म्हणून लिहिलं.

आपला,
व्याही

(‘तुमच्या मुलीचा’ चुकून लिहिलं. मुलगी माझी आहे.)


१२ जानेवारी

व्याहीबुवा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा हसू आवरेना. पहिली गोष्ट, मुलगी तुमची होती. आता काय ते तिलाच विचारा.

तुम्ही दात मोजलेत गिअरचे, मी पाय मोजते. गिअरच्या ट्रॅक्टरला डाव्या पायाने क्लच दाबा, हाताने दांडी हलवा, मग क्लच सोडा, तोही असा सोडा की गाडीने उडी मारायला नको. पुढे गेलात की मागे यायला पुन्हा तेच. बागेत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळताना माणूस दिवसभर क्लचच दाबत असतो. आमचा ड्रायव्हर संध्याकाळी लंगडत घरी जायचा, ते काय हौसेने?

तेलाचा ट्रॅक्टर मी दुकानात बघितला. मी गावभराचे कपडे शिवलेत, तेव्हा मला तो बघताक्षणी कळला. माझ्या मोटरच्या शिलाई मशीनचं पेडल असतं तसाच आहे. पाय दाबला की पळतं, पाय सैल केला की हळू, पाय उचलला की थांबतं. फवारणीत तर त्याला तोड नाही. मोठ्या झाडापाशी हळू व्हायचं, पण इंजिन तेवढ्याच जोरात फिरत राहतं, म्हणून पंपाचा दाब पडत नाही. गिअरमध्ये हे करून दाखवा, मग मर्दानी म्हणा.

आणि कुठले जावईबापू घेऊन बसलात? माझा मुलगा ट्रॅक्टरवर बसणार नाही. तो शहरात औषध कंपनीच्या हिशेबाला असतो, शनिवारी येतो आणि रविवारी बागेकडे बघून सुस्कारे सोडतो. त्याचं म्हणणं, बाग ठेक्याने देऊन टाकू आणि तिघं शहरात राहू. म्हणजे मी खिडकीत बसून दुसऱ्याच्या बाल्कनीतलं वाळत घातलेलं बघायचं. मी त्याला सांगितलंय, ट्रॅक्टर सून चालवेल. तिला चालवता येईल असा आला की बाग राहील. नाहीतर पावसाळ्याच्या आत ठेकेदार कुंपणाच्या आत. एवढी साधी गोष्ट आहे.

क्लचशिवाय चालतं म्हणूनच तेलाचा. सुनेसाठीच चाललंय सगळं. माझं काय, मी आता बाकावर बसून बघणार.

आपली,
विहीण


१९ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार. ट्रॅक्टर कोण चालवणार, हे वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. माझी मुलगी? विहीणबाई, ती माझ्या वर्कशॉपच्या काउंटरवर बसून बिलं करायची. अक्षर मोत्यासारखं. पण ट्रॅक्टरला तिने कधी बोट लावलं नाही, मी लावू दिलं नाही. ग्रीसने हात माखलेली पोर कुणी पसंत केली असती का? तुम्हीच सांगा, तुम्ही केली असती?

तेलाचा ट्रॅक्टर म्हणजे शिलाई मशीन, हे मात्र मान्य. बटण लावायला उत्तम. पण जमीन म्हणजे कापड नव्हे. तुमच्या बागेची माती काळी, चिकट. पाऊस पडून गेल्यावर माती फोडायला रोटाव्हेटर लावा आणि मग बघा तुमचं तेल कसं कण्हतं ते. शिवाय त्या तेलात कचऱ्याचा कण गेलेला चालत नाही. ते तेल वेगळं, गाळणी वेगळी, नखरे वेगळे. आमच्याकडे एकाने आणला होता. गाडी कमी आणि नवी सून जास्त. (हे मी सर्वसाधारण बोललो.)

आणि शहराला एवढं नाक मुरडू नका. वर्कशॉपच्या वरच्या तीन खोल्या रिकाम्याच आहेत. नवा रंगही दिलाय. स्वयंपाकघराला उजेड चांगला आहे. कुणी राहायला यावं म्हणून नव्हे, आपलं सहज सांगितलं.

दुकानदार दोन्ही ट्रॅक्टर बागेत आणून दाखवतात. बोलवा त्यांना. मीही येतो. समोरासमोर होऊन जाऊ दे. गिअरवर तर मी बसेनच, पण तुमच्या त्या तेलाच्या बाहुलीवरही बसून दाखवतो, म्हणजे बोलायला जागा नको.

आपला,
व्याही


६ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

सुखरूप पोचलात ना? कंबर कशी आहे? आमच्या रिकाम्या क्रेटांची थप्पी बरी आहे, म्हणजे जी उरली ती.

लोक अजून विचारतात म्हणून सगळं पुन्हा आठवून लिहिते. सगळ्यात आधी तुम्ही गिअरच्या ट्रॅक्टरवर बसलात आणि झोकात दोन ओळी फिरवून आणलात. ते छान केलंत, नाकारत नाही. मग तेलाच्या ट्रॅक्टरवर चढलात. शेतात टाय बांधून आलेला तो विक्रेता, आपला टायवाला, तुम्हाला सांगत होता की काका, यात क्लच नाही, डावीकडे ब्रेक आहे, उजवीकडे पुढचं पेडल आणि मागचं पेडल. तुम्ही म्हणालात, “बाळ, तू जन्मायच्या आधी मी ट्रॅक्टर खोलत होतो.” मग निघालात.

वळणापाशी तुमच्या डाव्या पायाला सवयीने क्लच आठवला. दाबलात तो ब्रेक. गाडीने गचका मारला, तुमची टोपी पुढे गेली. मग उजव्या पायाला ब्रेक आठवला. दाबलंत ते मागचं पेडल. गाडी निघाली मागे. तुम्हाला वाटलं ब्रेक लागत नाही, म्हणून आणखी जोरात दाबलंत. पाय नुसता उचलला असतात तर थांबली असती, पण गिअरवाल्याला पाय उचलणं कसं सुचणार? असे मान वळवून, तोंडाने ‘हो, हो, हो’ करत तुम्ही थेट क्रेटात. सुनेने फाटक बंद धरून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर क्रेटांपलीकडे रस्ताच होता. आणि धुळीतून बाहेर येऊन म्हणालात काय, तर मागची बाजू तपासत होतो.

हे झालं हसण्याचं. आता दुसरं.

तुम्ही गेल्यावर मी मुलाला विचारलं की तुझ्या सासऱ्याला गिअरचा एवढा पुळका का. माझ्या मुलाला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. लाल झाले. मग सगळं ओकला. तुमचं आणि त्याचं माझ्या मागे फोनवर बोलणं चालू आहे म्हणे. त्यानेच तुम्हाला गळ घातली, की बाबा, तुम्ही जाणकार, तुम्ही गिअरचाच हट्ट धरा. गिअरचा आला की हिला चालवता येणार नाही, चालवता आलं नाही की बाग ठेक्याने जाईल आणि आम्ही शहरात तुमच्या वरच्या खोल्यांत येऊ. उजेड चांगला असलेल्या.

म्हणजे जोर, डिझेल, काळी माती, हे सगळं तोंडदेखलं. मुलगी परत हवी होती, तर तसं लिहायचं होतंत. मी नाहीच म्हटलं असतं, पण मान तरी ठेवला असता. जाणकार म्हणे.

विहीण


१३ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. कंबर दुखते आहे. विचारलंत, आभार.

क्रेटांचं कबूल. जावईबापूंचंही कबूल. एकुलती एक मुलगी आहे माझी. काउंटरवर आता एक मुलगा ठेवलाय, त्याचं अक्षर म्हणजे झुरळ शाईतून चालत गेल्यासारखं. संध्याकाळी शटर ओढल्यावर वर जातो तर तीन खोल्या आणि नवा रंग. बापाने एवढं मनात आणलं तर काय दरोडा घातला?

पण तुम्ही धुतल्या तांदळासारखं बोलू नका. क्रेटांतून मला बाहेर काढल्यावर तुम्ही काय केलंत, ते तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही, म्हणून मी लिहितो.

तुम्ही म्हणालात, “बघू बाई, सुनेला जमेल का ते मी आधी बसून बघते.” आणि चढलात. पाठीला उशी घेतलीत. टायवाल्याकडून सीट पुढे सरकवून घेतलीत, आरसा तुमच्या उंचीला लावून घेतलात. सुनेसाठी बघणारी बाई आरसा स्वतःच्या उंचीला लावते? मग एक फेरी, दुसरी फेरी. टायवाल्याने घसा खाकरला. तुम्ही तिसऱ्या ओळीत शिरलात. परत आलात तेव्हा तुमच्या तोंडावर जे होतं, ते मी माणसांच्या तोंडावर त्यांचा पहिला ट्रॅक्टर घेऊन जाताना बघितलंय. हातातली किल्ली तुम्ही टायवाल्याला परत द्यायचंही विसरलात. त्याने मागून घेतली.

क्लच नको तो सुनेच्या पायासाठी नव्हे. तुमचा डावा गुडघा गेलाय, ओट्याला धरून उठता, हे मी येतो तेव्हा बघतोच. तुम्हाला बाग सोडायची नाही, मालकी सोडायची नाही, आणि किल्लीही सोडायची नाही. सुनेने फक्त फाटकं उघडायची, क्रेट उचलायचे आणि ‘हो आई’ म्हणायचं. तेवढ्यासाठी ती तुम्हाला तिथे हवी. मी तिला तीन खोल्यांत ठेवणार होतो, तुम्ही फाटकापाशी. सांगा, जास्त लबाड कोण?

व्याही


२१ फेब्रुवारी

आई आणि बाबा,

दोघांना एकच पत्र, दोन प्रतींत. कुणाला जास्त लिहिलं, कुणाला कमी, यावरून पुढची पत्रं व्हायला नकोत.

तुम्ही एकमेकांना काय लिहिता ते मला सगळं माहीत आहे. चोरून वाचलेलं नाही. आई, तुम्हाला वाटतं तुम्ही मनात वाचता, पण तुम्ही मोठ्याने वाचता. लिहितानाही एकेक वाक्य मोठ्याने म्हणून मग कागदावर उतरवता, आणि चांगलं जमलं की स्वतःच हसता. मधली भिंत पातळ आहे. बाबांच्या पत्राला मात्र परवा तुम्ही हसला नाहीत. तेव्हा मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवली, म्हणजे तुम्हाला रडू आलं तर मला ऐकू आलं असं वाटू नये.

ट्रॅक्टर दाखवायला आणले त्या दिवशी दोन ट्रॅक्टर होते. एकावर बाबा बसले, मग दुसऱ्यावर बाबा बसले, मग दुसऱ्यावर आई बसल्या. चालवणार मी, असं दोघांच्याही पत्रात होतं, एकाच्या आशेत आणि एकाच्या भीतीत. मी फाटक धरून उभी होते. मला ‘बस’ असं कुणीही म्हणालं नाही. टायवाला म्हणणार होता, पण तुमच्या दोघांकडे बघून गप्प बसला.

म्हणून गेल्या आठवड्यात मी एकटीच त्याच्याकडे गेले. त्यांच्या दुकानामागच्या शेतात रोटाव्हेटर जोडून दोन्ही चालवले. बाबा, तुम्ही जेवून वरच्या खोलीत झोपायचात ना, तेव्हा धुवायला लावायचे ट्रॅक्टर मागच्या अंगणात कोण न्यायचं असं वाटतं तुम्हाला? कामगार जेवायला बसलेले असायचे. मीच न्यायचे. तुमच्या वर्कशॉपमध्ये आलेला एकही गिअर माझ्या हातून सुटलेला नाही. ग्रीस मी तुम्ही उठायच्या आत रॉकेलने पुसून टाकायचे.

आता निर्णय. फवारणीचं आईंचं म्हणणं पूर्ण खरं आहे. नुसती फवारणी आणि गवत एवढंच काम असतं तर मी डोळे मिटून तेलाचा घेतला असता. पण मला मागच्या बाजूच्या म्हाताऱ्या झाडांच्या ओळी काढून नवी लावायची आहेत, आणि आजूबाजूच्या शेतांत भाड्याने रोटाव्हेटर चालवायचा आहे. तिथे सकाळपासून एकाच वेगाने, काळ्या मातीत, जोर लावून चालायचं. तेलाच्या ट्रॅक्टरवर तासाभरात पेडल दाबून माझी पोटरी भरून आली आणि गाडीचा दमही तोकडा वाटला. शिवाय गिअरचा बिघडला तर मी स्वतः खोलू शकते. तेव्हा गिअरचा सांगून आले.

बाबा, तुमचा सल्ला मी शब्द न् शब्द पाळला. तुम्ही तो मला चालवता येऊ नये म्हणून दिला होतात, पण सल्ला चांगला होता. आई, ट्रॅक्टर सुनेने चालवायचा हे तुमचं म्हणणंही मी शब्द न् शब्द पाळलं. तुम्ही ते मनातून म्हणत नव्हता, पण म्हणणं बरोबर होतं.

यांच्याशीही बोलले. म्हटलं, मला शहरात यायचं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणे, तू इथे कंटाळलेली दिसायचीस. बरोबर आहे, कंटाळले होते. पण बागेला नाही.

आई, हे वाक्य तुम्हाला टोचेल. टोचू दे. जुन्या ट्रॅक्टरची किल्ली ड्रायव्हर आणि तुम्ही, याच्यापलीकडे कधी गेली नाही. मी कुठली ओळ छाटायची विचारलं तर ‘बघू’ म्हणायचात आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला वेगळंच सांगायचात. नव्याची किल्ली माझ्याकडे राहील. कुठल्या ओळीत काय करायचं ते मी ठरवीन. तुम्हाला विचारेन, कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ठरवीन मी. हे पटत नसेल तर आत्ताच सांगा. मग बाग ठेकेदाराला द्या, मी बाबांच्या वरच्या खोल्यांत जाते आणि मोत्यासारख्या अक्षरात बिलं करते.

आणि गुडघा डॉक्टरांना दाखवायचाच आहे. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. गुडघा ठीक झाला की तुम्हाला क्लच शिकवीन. मी चांगली शिकवते. घाई करत नाही.

तुमची


१६ मार्च

व्याहीबुवा,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. काही दिवस मी लिहायला बसले की तोंड मिटून बसत होते आणि तसं मला एक वाक्यही सुचत नव्हतं. आता अंगणात बाकावर बसून लिहिते आहे, ऐकायला फक्त कोंबड्या आहेत.

ते पत्र तुम्हालाही आलंच असेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. एवढीशी पोर, हिची मजाल. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुमचा राग आला, की असली मुलगी वाढवून ठेवलीत आणि तुम्हालाच पत्ता नाही. तिसऱ्यांदा कुणाचा यायचा तो आला. मग तिला हाक मारली आणि म्हटलं, पटतंय. ती म्हणाली, “मोठ्याने म्हणालात म्हणून ऐकू आलं.” जीभ तुमच्यावर गेली आहे, माझ्यावर ढकलू नका.

ट्रॅक्टर आला. तुमचे जावईबापू शनिवारी मोठ्या हौसेने चढले. क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद, पुन्हा चालू, पुन्हा उडी, पुन्हा बंद. फाटकापर्यंत असा बेडकासारखा गेला आणि उतरून म्हणाला, ठेकेदाराला नाही सांगून टाकतो. त्यात त्याचा मोठेपणा किती आणि भीती किती, ते मला कळलं नाही. कान मात्र पांढरे होते.

डॉक्टरांनी गुडघा बघितला. ऑपरेशन सांगितलंय. मी त्यांना विचारलं, नंतर क्लच दाबता येईल का. ते म्हणाले, जिना चढता येईल. मी म्हटलं, जिना कशाला, आमचं घर बैठं आहे. ते हसले, तुमची मुलगी हसली नाही. तिने पुन्हा विचारलं, नीट, डॉक्टरांच्या भाषेत. ते म्हणाले, व्यायाम केला तर येईल.

तुमच्या खोल्यांचं वाईट वाटतं मला. खरंच वाटतं. बागेतलं काम आटोपलं की ती चार दिवस तुमच्याकडे येणार आहे. झुरळाचं अक्षर सुधारून जाते म्हणाली. आणि पहिली सर्व्हिसिंग तुमच्याच हातून करून घ्यायची म्हणते. या. ऑइल बदला, नट आवळा, हवं ते करा. सीटवर बसायचं असेल तर तिला विचारा. मीही विचारते.

काल ती मागच्या ओळीत रोटाव्हेटर घेऊन आली. मी बांधावर उभी राहून सांगत होते, डावीकडे घे, सांभाळ, ते झाड राहू दे, अजून फळ देतं. तिने गाडी न्यूट्रलला टाकली, माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. झाड ठेवते म्हणाली. मग क्लच दाबून गिअर टाकला आणि म्हणाली, “आई, जरा बाजूला व्हा. वळवायचंय.”

लग्न होऊन मी या बागेत आले, तेव्हापासून मला इथे कुणी बाजूला व्हायला सांगितलेलं नाही. तुमच्या कैलासवासी व्याह्यांचीही छाती झाली नाही.

मी बाजूला झाले. वळवते छान.

आपली,
विहीण